पाच पुस्तकं परत करताना

पहिली रहस्यकथा.
उद्यमबागेत रात्रपाळीला वाचली.
भट्टी तापेपर्यंत तीन खून झाले,
चौथ्याच्या आधीच मला कळलं, कोण ते.
साचा गरम असतानाच फोडला लेखकानं.
थोडं निवू द्यायचं होतं की हो,
धातूला घाई नाही, तुम्हाला कसली?

यल्लाप्पा म्हणाला, शेवट सांगू नको बघ.
नाही सांगितला.
एवढंच म्हटलं, माळ्यावर लक्ष ठेव.
तर त्यानं घरी शिडी लावून
माळा झाडून काढला.
बागेतला माळी त्याला अजून सापडायचाय.

दुसरं एका मोठ्या साहेबाचं आत्मचरित्र.
चारशे पानं, आणि चूक कुठंच नाही.
असला गुळगुळीत जॉब आमच्याकडं आला
की आधी नख फिरवून बघतात.
भोकात लांबी भरून वरून रंग मारलेला असतो.
बायको येते पान एकवीसवर,
पुन्हा भेटते ती एकदम तिच्या तेराव्याला.

तिथं समासात पेन्सिलीनं एक शब्द.
कानडीत.
मला कानडी बोलता येतं, उधार मागता येतं, भांडता येतं,
वाचता येतं ते बसच्या पाटीपुरतं.
तसाच एकेक अक्षर धरत गेलो,
लांबून येणारी गाडी खानापूरची की गोकाकची
हे ओळखावं तसा:
सु. ळ्ळु.
सुळ्ळु.
खोटं.
कँटीनमध्ये एकटाच हसलो,
चहावाल्यानं वळून बघितलं.

तिसरं यशस्वी कसं व्हावं त्याचं.
म्हणतो, पहाटे चारला उठा.
चारला आम्ही पाठ टेकतो, बाबा.
तीस पानांत सोडलं.

चौथी कादंबरी, कानडीतून मराठीत आणलेली.
त्यात धारवाडकडची म्हातारी दारात उभी राहून विचारते,
"आपले भोजन झाले का?"
भारता पीठ मळत ऐकत होती. म्हणाली,
आपली गौरव्वा असं विचारते होय?
ती "ऊटा आतेनव्वा" म्हणते,
मी "जेवलीस काय गे" म्हणते,
दोघींनाही ठाऊक असतं, कोण उपाशी आहे ते.

पण विहिरीचं प्रकरण मी मोठ्यानं वाचत होतो
तेव्हा भाजी करपली,
आणि कुणी काही बोललं नाही.
ओतताना थोडं सांडतंच.
साच्यात उतरलं त्याचं वजन करायचं.

याही समासात तीच पेन्सिल. विहिरीपाशी. हौदु.
ज्याला कानडी लिहिता येतं
त्यानं कानडी कादंबरी मराठीतनं का वाचावी?
कुणाची सून असेल इकडं दिलेली.
किंवा रात्री कुणाला वाचून दाखवत असेल,
ज्याचे डोळे गेलेत.
किंवा माझ्यासारखंच, पाटीवरचं गाव वाचून
गाडीत चढलेलं कुणी.

मुतनाळे ग्रंथपाल पुस्तकं मोजतात.
दर वेळी विचारतात, हेंगैतिरी?
दर वेळी मी म्हणतो, छलो ऐति.
त्यांना एवढंच पुरतं, शिक्का मारतात.
आज म्हणाले, चारच दिसतात. पाचवं?

पाचवा कवितासंग्रह. चौसष्ट पानं.
हातात घेतला तर वजनच नाही.
आम्ही कास्टिंगवर हातोडी टकटक करतो,
आत तडा असला तर बद्द वाजतं.
अकरा कविता बद्द वाजल्या, खोटं कशाला बोलू.
बारावीला हातोडी लावली
आणि अजून वाजतंय.

यंत्रं बंद झाल्यावरही.
भारताला सांगायला गेलो, सांगता आलं नाही.
यल्लाप्पाला तर काय सांगणार,
तो परत शिडी लावेल.

मुतनाळ्यांना म्हटलं, राहू दे आठवडाभर,
लेट फी घ्या.
त्यांनी चष्म्यावरनं बघितलं,
वहीत माझ्या नावापुढं एक टिंब दिलं.

बारावीच्या समासात पेन्सिल नाही.
पानं उजेडाला धरून बघितली, खोडल्याचीही खूण नाही.
माझी पेन्सिल टोक करून ठेवलीय,
शब्दही ठरलाय.
कुठल्या अक्षरांत लिहू,
एवढ्यावर अडलंय.